पाणी बदललं की श्रिंप मरतात? आधी कधी मेले ते सांगा

तक्रार बहुतेक वेळा सारखीच असते. माशांची काचेची टाकी पाच-सहा महिने जुनी, गप्पी आणि टेट्रा मासे मजेत, चेरी श्रिंपची (गोड्या पाण्यातल्या बारीक कोळंबीची) पिल्लंही एकदा होऊन गेलेली. पण पाणी बदललं की दोन-चार श्रिंप आडवे. मग आठ-पंधरा दिवस सगळं ठीक, पुन्हा पाणी बदललं, पुन्हा तेच. दुकानात विचारलं तर उत्तर येतं, "अँटीक्लोरीन (नळाच्या पाण्यातलं क्लोरीन मारायचं औषध) वाढवा." ते वाढवूनही मरायचे ते मरतातच. शेवटी माणूस कंटाळून पाणी बदलणंच सोडतो आणि तीन महिन्यांनी काच हिरवी झाली म्हणून एकदम अर्धी टाकी उपसतो. त्या आठवड्यात उरलेलेही जातात.

अशा वेळी मी पीएच (पाणी आम्ल की अल्कधर्मी), टीडीएस (त्यात विरघळलेले एकूण क्षार) काही न विचारता आधी एवढंच विचारतो: पाणी बदलल्यावर किती वेळाने मेले? पहिल्या दोन-तीन तासांत, रात्रीतून, की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी? लोकांना हा प्रश्न फालतू वाटतो. पण "पाणी बदलल्यामुळे मेले" ही तक्रार एक असली तरी तिच्यामागची कारणं निदान पाच आहेत, आणि प्रत्येकाची वेळ वेगळी आहे. सगळ्यांवर अँटीक्लोरीन ओतत राहणं म्हणजे साप सोडून भुई धोपटणं.

खाली जे लिहितोय ते चेरी श्रिंपबद्दल, म्हणजे निओकॅरिडिना. लाल, निळे, पिवळे, कुठल्याही रंगाचे असोत, जात तीच आणि गरजाही त्याच. क्रिस्टल रेड वगैरे कॅरिडिना जातींचं गणित वेगळं आहे. त्यांना मऊ, किंचित आम्ल आणि थंड पाणी लागतं. सांगलीच्या मे महिन्यात आरओ आणि चिलरशिवाय ते पाळायचे म्हणजे विकतचं दुखणं, असं माझं मत आहे.

पहिल्या दोन-तीन तासांत मेले

हा सरळ विषाचा प्रकार. पाणी टाकल्यावर थोड्याच वेळात श्रिंप सैरावैरा पोहायला लागतात, फिल्टरच्या पाइपवरून पाण्याबाहेर चढायला बघतात, मग कुशीवर पडून पाय झाडतात. एक गोष्ट मात्र याच्याशी गल्लत करण्यासारखी आहे. पाणी बदललं की एखादी मादी कात टाकते, तिचा वास पाण्यात पसरतो आणि सगळे नर तिला शोधत टाकीभर धावतात. त्यात धोका काही नाही, उलट पंधरवड्यात अंडी दिसतील. ओळखायचं असं: धावणारे सगळे बारीक, फिक्या रंगाचे असतील आणि मोठ्या गडद माद्या शेवाळ खात निवांत बसल्या असतील, तर ती लगीनघाई. माद्यासुद्धा उधळल्या असतील तर पाण्यात काहीतरी आहे.

काय आहे, ते माशांवरून कळतं. मासेही वर येऊन तोंडं उघडझाप करत असतील तर पहिला संशय क्लोरीनवर. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे, म्हणजे आयएस १०५०० प्रमाणे, नळाच्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मोकळं क्लोरीन शिल्लक असावं लागतं. ते असायलाच हवं, आपल्या तब्येतीसाठी असतं ते. पण ते रोज तेवढंच असेल असं नाही. पावसाळ्यात कृष्णेचं पाणी गढूळ झालं, पूर आला-ओसरला, गॅस्ट्रोची साथ आली, की मात्रा वाढवली जाते. २०१९ आणि २०२१ चा पूर ज्यांनी पाहिलाय त्यांना नळाचा तो वास आठवत असेल. गावाकडे ग्रामपंचायतीच्या टाकीत टीसीएल पावडर (ब्लीचिंग पावडर) पडते, तिथे तर टाकल्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशीच्या पाण्यात फार फरक असतो. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक ओटी टेस्ट करतो, पाणी पिवळं झालं की क्लोरीन आहे. ओटीच्या द्रावणाची तीच साधी बाटली तुम्हालाही वापरता येते. तपासलेलं पाणी फक्त परत टाकीत ओतायचं नाही.

आणखी एक बघा, पाणी घेता कुठून? घराच्या वरच्या टाकीत दिवसभर पडून राहिलेल्या पाण्यातलं क्लोरीन बरंचसं उडालेलं असतं. पण प्रेशर चांगलं मिळतं म्हणून अंगणातल्या थेट लाइनच्या नळाला पाइप लावला तर ते पूर्ण ताकदीचं पाणी असतं. "इतके दिवस काही झालं नाही, आजच कसं काय?" याचं उत्तर पुष्कळदा या बदललेल्या नळात सापडतं.

उपाय दोन. उघड्या बादलीत एअर स्टोन (एअर पंपाच्या नळीला लावायचा, बुडबुडे सोडणारा दगड) लावून पाणी २४ तास ठेवायचं. किंवा सोडियम थायोसल्फेटचे खडे आणून १० ग्रॅम खडे १०० मिली पाण्यात विरघळवायचे आणि त्यातलं १ मिली दर १० लिटरला, तेही बादलीत, टाकीत टाकण्याआधी. लिटरमागे १ मिलिग्रॅम क्लोरीन असलं तरी एवढं पुरून उरतं. याच्या पाचपट टाकून पाचपट फायदा होत नाही.

आता मासे ठणठणीत आणि फक्त श्रिंप तडफडतायत, असं असेल तर क्लोरीन विसरा. मग तांबं किंवा कीटकनाशक शोधायचं. माशांना मारायला जेवढं लागतं त्याच्या कितीतरी कमी मात्रेत श्रिंप जातात. शेवटी ते खेकड्या-कोळंबीच्या कुळातले, आणि कीटकनाशकांच्या नजरेत त्यांच्यात आणि किड्यांत फारसा फरक नसतो. आपल्या भागात हा विषय मोठा आहे, म्हणून जरा सविस्तर.

तासगाव, पलूस, कवठेमहांकाळ पट्ट्यात द्राक्षबागा आहेत. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर डाऊनी (द्राक्षावरचा बुरशीचा रोग) नको म्हणून फवारण्यांवर फवारण्या चालतात. त्यात बोर्डो मिश्रण असतं, म्हणजे मोरचूद आणि चुना. एक टक्क्याच्या बोर्डोत १०० लिटर पाण्याला १ किलो मोरचूद पडतं, आणि मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट. ते ज्या बॅरलमध्ये कालवलं ते बॅरल किती वेळा धुतलं तरी श्रिंपच्या दृष्टीने स्वच्छ होत नाही. तासगावकडच्या एका बागायतदार मित्राकडे टाकी वर्षभर छान चालायची आणि दिवाळीच्या आसपास पाणी बदललं की श्रिंप साफ. मासे मात्र तसेच. पाणी एकच, बोअरचं. शोधता शोधता कळलं की त्या दिवसांत घरातली मोठी बादली शेडवर जायची आणि शेडवरची घरी यायची. बादली वेगळी केली, रंगाने फुली मारून माळ्यावर ठेवली, प्रश्न मिटला. बागेला लागून घर असेल तर पत्र्यावरचं पावसाचं पाणीही टाकीसाठी धरू नका. पावसाचं पाणी एरवी उत्तम, पण पत्र्यावर काय काय येऊन बसलंय ते आपल्या हातात नसतं.

तांब्याचे घरगुती रस्तेही आहेत. थंडीत पाणी कोमट करायला बंबातलं किंवा गिझरचं गरम पाणी मिसळणं हा त्यातला नेहमीचा. बंब तांब्याचा, आणि गिझरच्या कॉइललाही पुष्कळदा तांबं असतं. गरम पाण्यात ते जास्त उतरतं. पाणी कोमट करायचंच असेल तर स्टीलच्या पातेल्यात गॅसवर करा. तांब्याच्या हंड्यातलं पाणी पिणं आपल्याला कितीही गुणकारी वाटो, श्रिंपला देऊ नका. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांवरच्या काही औषधांतही कॉपर सल्फेट असतं. टाकीत श्रिंप असतील तर लेबल वाचल्याशिवाय एक थेंबही नको.

आणि अ‍ॅबेट. पावसाळ्यात डेंग्यूचा सर्व्हे करणारे आरोग्य कर्मचारी घरोघरी येतात, साठवलेलं पाणी बघतात, अळ्या दिसल्या की अ‍ॅबेट टाकतात. त्यांचं काम योग्यच आहे. पण तुम्ही क्लोरीन उडावं म्हणून अंगणात उघडी ठेवलेली बादली त्यांच्या नजरेत डासांचा कारखाना असते. अ‍ॅबेट म्हणजे टेमेफॉस, श्रिंपला जहर. तुम्ही ऑफिसातून येता, बादली जागेवर, पाणी नितळ, उचलून टाकीत ओतता. म्हणून बादली घरात ठेवा, वर सुती कापड बांधा आणि घरच्यांना सांगून ठेवा. वरच्या टाकीत टाकलं असेल तर ते पाणी बराच काळ टाळावं लागेल. याच दिवसांत गल्लीत धुराची फवारणी होते, घरात डासांची कॉइल आणि लिक्विड सुरू असतं. हे पायरेथ्रॉइड गटातले. एअर पंप खोलीतलीच हवा पाण्यात ढकलतो, त्यामुळे फवारणीच्या वेळी खिडक्या लावा, टाकीवर ओला टॉवेल टाका आणि अर्धा तास पंप बंद ठेवा. डास पळवायची क्रीम लावलेला हात टाकीत घालणं हेही त्यातलंच.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, दोन-चारच मेले

माझ्या पाहण्यातल्या निम्म्याहून जास्त तक्रारी या खान्यातल्या. पाणी टाकल्यावर लगेच काही होत नाही. रात्र नीट जाते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एक, तिसऱ्या दिवशी दोन. मेलेला श्रिंप गुलाबीसर, अपारदर्शक झालेला असतो. (आरपार काचेसारखं, पोकळ दिसतं ती नुसती कात. ती काढू नका, ते खातात ती.) मेलेला उचलून उजेडात धरा. डोक्याचं कवच संपून पोट सुरू होतं तिथे, मानेभोवती पांढरी कडी दिसते का? दिसली तर क्लोरीनचा संबंध नाही. तो कात टाकताना अडकून मेला.

हे का होतं, ते समजून घेणं महत्त्वाचं, कारण उपाय त्यातच आहे. श्रिंपचं कवच वाढत नाही, तो ते टाकून नवीन करतो. मोठा श्रिंप साधारण तीन-चार आठवड्यांनी कात टाकतो, पिल्लं त्याहून लवकर. जुन्या कवचाखाली नवं मऊ कवच तयार झालं की जुनं मानेमागे वरच्या बाजूला फाटतं आणि श्रिंप एका झटक्यात बाहेर निसटतो. यासाठी पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम लागतं. आता टाकीच्या पाण्यात क्षार जास्त आहेत आणि तुम्ही एकदम कमी क्षाराचं पाणी ओतलंत, तर बाहेरचं पाणी पातळ आणि शरीरातलं दाट, त्यामुळे पाणी आत शिरायला लागतं. श्रिंप आतून फुगतो, तयारी अर्धवट असताना कात टाकायची वेळ येते, कवच सगळीकडून गोल फाटतं आणि ना आत ना बाहेर अशा अवस्थेत तो अडकतो.

आता "दोन-चारच का मरतात, सगळे का नाही" हे कोडंही सुटतं. टाकीत तीस-चाळीस श्रिंप असतील तर त्यातले मोजकेच त्या दोन दिवसांत कात टाकायच्या बेतात असतात. धक्का सगळ्यांना बसतो, दार फक्त त्यांचं उघडं असतं. पुढच्या वेळी दुसरे दोन-चार. म्हणून हा प्रकार महिनोन्‌महिने चालतो, टाकी हळूहळू रिकामी होते आणि कुणाला साथ आल्यासारखी वाटत नाही. मरणाऱ्यांत अंडी धरायच्या वयाच्या माद्या जास्त दिसतात, कारण मादी कात टाकल्यावरच मिलन होतं. म्हणजे नुकसानही नेमकं नको तिथे.

मग क्षारांचा हा फरक टाकीत तयार कसा होतो? आपल्याकडचा नेहमीचा क्रम सांगतो. उन्हाळ्यात झाकण नसलेल्या टाकीतलं पाणी झपाट्याने उडतं. उडतं ते नुसतं पाणी, क्षार टाकीतच राहतात. पातळी खाली गेली की आपण बोअरचं पाणी वरून घालतो. त्यात नवे क्षार. पुन्हा उडतं, पुन्हा घालतो. सुरुवातीला ३५० असलेला टीडीएस दोन-तीन महिन्यांत ६०० वर गेलेला असतो. हा चढ इतका सावकाश असतो की श्रिंप त्याला सरावतात, पिल्लंही देतात. मग कुणीतरी सांगतं की श्रिंपला आरओचं पाणी चांगलं. तुम्ही थंड पाण्याचा २० लिटरचा जार मागवता, ४० लिटरच्या टाकीतलं निम्मं पाणी काढता आणि जार उलटा करता. जारचा टीडीएस ४० धरू. टाकी दहा मिनिटांत ६०० वरून ३२० वर. आकडा म्हणून ३२० चांगलाच आहे, चेरीला १५० ते ३०० च्या आसपास आवडतं. मारतं ते २८० ने खाली पडणं. वर जार थंड असतो ते वेगळंच.

तेच पाणी, तीच टाकी, पण ४ लिटरच बदललं असतं तर? ६०० चे साडेपाचशेच्या जरा खाली आले असते. आठवड्याने अजून थोडे. दीड-दोन महिन्यांत टाकी ३०० च्या आसपास आली असती आणि एकही कात अडकली नसती. या सगळ्या लेखात एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ती ही: चांगलं पाणी आणि वाईट पाणी हा प्रश्न पुष्कळदा दुय्यम असतो. बादलीतलं आणि टाकीतलं पाणी एकमेकांपासून किती लांब आहे, ते आधी बघायचं.

त्यासाठी टीडीएस मीटर घ्या. आरओ दुरुस्त करणाऱ्यांकडे असतो तोच पेनासारखा, काही शे रुपयांत मिळतो. पाणी बदलण्याआधी टाकीत बुडवा, मग बादलीत. शंभराच्या वर फरक दिसला तर हात आखडता घ्या, दहा टक्केसुद्धा दोन दिवसांत विभागून बदला.

पण टीडीएस मीटर एका बाबतीत फसवतो. तो एकूण विरघळलेलं सांगतो, कॅल्शियम किती ते सांगत नाही. इकडच्या बऱ्याच नव्या अपार्टमेंटमध्ये बोअरच्या पाण्याला सॉफ्टनर प्लँट लावलेला असतो. तो कॅल्शियम-मॅग्नेशियम काढून त्याजागी सोडियम घालतो. मीटरवर आकडा जवळपास तसाच राहतो, आणि श्रिंपच्या कामाचं त्यात काहीच उरत नाही. "टीडीएस तर अगदी बरोबर आहे हो, तरी पांढरी कडी येते" असं म्हणणाऱ्याला मी आधी सॉफ्टनर विचारतो. वाळवा-मिरज पट्ट्यातल्या क्षारपड जमिनीतल्या बोअरचंही असंच, आकडा मोठा, पण त्यात मीठच बरंच असू शकतं. म्हणून जीएचची, म्हणजे पाण्याचं काठिण्य मोजायची, थेंब टाकून करायची किट एकदा तरी वापरा. चेरीला जीएच ६ ते १० डिग्री उत्तम. पाणी प्रयोगशाळेत तपासून घेतलं असेल तर तिथे काठिण्य मिलिग्रॅममध्ये लिहून येतं. त्याला १७.८ ने भागा, डिग्री मिळते. २०० मिलिग्रॅम म्हणजे साधारण ११ डिग्री.

बोअर फार जड असेल आणि जारचं पाणी फार हलकं, तर दोन्ही मिसळा. बोअर ९०० आणि जार ५० असेल तर एक भाग बोअर, तीन भाग जार केल्यावर २६० च्या आसपास येतं. महागड्या मिनरल पावडरची गरज तेव्हाच, जेव्हा बोअरमध्ये कॅल्शियम नाही किंवा ऊसपट्ट्यातल्या खतांमुळे नायट्रेट जास्त आहे. साताऱ्यात उलटी अडचण येते. कासच्या पठारावर साठलेलं पाणी मऊ असतं, आणि गावातल्याच बोअरचं खडकाळ, जड. तिथे ज्यांच्याकडे नळ आणि बोअर दोन्ही आहेत आणि ज्या दिवशी जे येईल ते वापरलं जातं, त्यांच्याकडे टाकीचा टीडीएस झोका खेळत असतो. दोन्हीतलं एक ठरवा आणि त्यालाच धरून राहा.

समुद्रफेस टाकीत ठेवायला हरकत नाही, सावकाश विरघळतो, पण पाणी आधीच जड आणि अल्कधर्मी असेल तर तो नुसता शोभेला. पानाचा चुना मात्र चुकूनही नको. "कॅल्शियमच आहे ना" म्हणून चिमूटभर टाकणारे आहेत. पीएच एका मिनिटात कुठल्या कुठे जातो आणि पुढचं सांगायला नको.

रात्रीतून मेले

इथे तापमान किंवा ऑक्सिजन. मे महिन्यात दुपारी तीनला गच्चीवरच्या काळ्या टाकीचं पाणी हाताला चटका देतं, जानेवारीत सकाळी सहाला तेच बर्फासारखं. दोन्ही वेळी पाणी बदलायचं नाही, एवढंच. बादली टाकीच्या शेजारी रात्रभर ठेवली की दोन्हीचं तापमान आपोआप एक होतं. एक-दोन डिग्रीचा फरक चालतो.

बोअरचं ताजं पाणी वापरणाऱ्यांसाठी आणखी एक. जमिनीखालून आलेल्या पाण्यात ऑक्सिजन कमी आणि कार्बन डायऑक्साइड जास्त असू शकतो. ताजं असताना पीएच एक, रात्रभर हवा दिल्यावर दुसराच. त्यामुळे "बोअरला क्लोरीन नसतं, मग थेट टाकलं तर काय" हा हिशोब अर्धाच बरोबर आहे. हवा देऊन मगच टाका.

तिसऱ्या दिवसापासून रोज एक-एक

पाणी बदललं त्याच दिवशी फिल्टरचा स्पंज नळाखाली पिळून पिळून पांढराशुभ्र केला होता का? खडे ढवळून तळाचा सगळा गाळ उपसला होता का? मग दोष नव्या पाण्याचा नाही. अमोनिया खाणारे जिवाणू तुम्ही क्लोरीनच्या पाण्याने धुऊन टाकले. आपल्याकडच्या जास्त पीएचच्या पाण्यात थोडा अमोनियाही भारी पडतो. स्पंज टाकीतून काढलेल्याच पाण्यात दोनदा दाबायचा, आणि तोही पाणी बदलण्याच्या दिवशी नाही. खायला देणं चार दिवस बंद करा, एअर चालू ठेवा. श्रिंप शेवाळावर आरामात राहतात.

मेलेले दिसत नाहीत, पण पिल्लं कमी होतात

ती मेलेली नाहीत, तुम्ही बाथरूममध्ये ओतलीत. नुकतंच बाहेर आलेलं पिल्लू जेमतेम २ मिलिमीटरचं असतं. सायफनच्या तोंडावर जुन्या नायलॉन मोज्याचा तुकडा रबराने बांधा, जाड नळीऐवजी एअर लाइनची बारीक नळी वापरा आणि पाणी पांढऱ्या बादलीत काढा. ती बादली लगेच ओतायची नाही, तासभर ठेवून टॉर्च मारून बघायचं. फिल्टरच्या तोंडालाही स्पंज हवा.

मी सांगतो ती पद्धत

आठवड्याला दहा टक्के. ४० लिटरच्या टाकीला ४ लिटर, एवढी वेगळी ठेवलेली बादली बास. आदल्या दिवशी सकाळी पाणी भरून, कापड बांधून, हवा लावून टाकीशेजारी. सकाळी दोन्हीकडचा टीडीएस आणि तापमान बघायचं. पटलं तर टाकीतून ४ लिटर काढायचं आणि बादली टाकीपेक्षा उंच ठेवून मेडिकलमध्ये मिळणाऱ्या सलाइनच्या सेटने पाणी आत सोडायचं. वरची टोकदार सुई कापून नळीचं ते टोक बादलीत बुडवा, वर वजन ठेवा. थेंब-थेंब सोडलंत तर ४ लिटरला दिवस जाईल. बारीक धार हवी, म्हणजे १०० मिलीचं माप साधारण तीन मिनिटांत भरेल अशी. ४ लिटर मग दोन तासांत जातं. चाक तेवढं फिरवून ठेवलं की तुम्ही तुमच्या कामाला मोकळे. उडालेल्या पाण्याची भर मात्र बोअरने करायची नाही, ती जारच्या किंवा आरओच्या पाण्याने, रोज थोडी थोडी. उडताना क्षार गेलेले नसतात, तर भरताना ते घालायचे कशाला?

आत्ता, या घडीला मरत असतील तर

घाबरून अर्धी टाकी पुन्हा बदलू नका. पहिल्या धक्क्यावर दुसरा बसतो. एअर पूर्ण सोडा. क्लोरीनचा संशय असेल तर थायोसल्फेट टाकीच्या एकूण पाण्याच्या हिशोबाने टाका. तांबं किंवा औषधाचा संशय असेल तर फिल्टरमध्ये ताजा ॲक्टिव्हेटेड कार्बन आणि खात्रीच्या पाण्याने दर काही तासांनी दहा-दहा टक्के बदल. जुनी चालू टाकी दुसरी असेल तर वाचलेले तिकडे हलवता येतील, पण तिथलं पाणीही सलाइनच्या सेटनेच त्यांच्या भांड्यात आधी मिसळून. पांढरी कडी आलेल्याला हाताने सोडवायला जाऊ नका. कधीमधी एखादा स्वतः निसटतो, आपण ओढलेला बहुतेक तुटतो. मेलेले लगेच काढा.

पावसाळ्यासाठी वेगळा नियम ठेवा. नदीला नवं पाणी आलं की नळाचा टीडीएस उतरतो, तुरटी आणि क्लोरीन दोन्ही वाढतं, आणि कालच्या पाण्यावरून आजच्या पाण्याचा अंदाज करता येत नाही. सांगलीतल्या आयर्विन पुलाजवळच्या पाणीपातळीचे आकडे रोज बातम्यांत यायला लागले की पाणी बदलणं सरळ थांबवायचं. खाणं निम्म्यावर आणा, तरंगत्या वनस्पती वाढू द्या. तीन-चार आठवडे पाणी न बदलल्याने भरलेल्या, जुन्या टाकीतल्या श्रिंपना काही होत नाही. एक-दोन बादल्या चांगलं पाणी जूनमध्येच घरात भरून, झाकून ठेवा, आणि वीज गेल्यावर लागेल म्हणून सेलवरचा एअर पंप. पूर ओसरल्यावर नळाला येणारं पहिलं पाणी टाकीला नको, आठवडाभर जाऊ द्या. मग ओटी टेस्ट, मग टीडीएस, आणि बादलीचं-टाकीचं जुळलं तर दोन लिटरपासून सुरुवात.